मिलेईंच्या आघाडीची वाढ आकड्यांतून कशी वाचावी

अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांच्या 'ला लिबर्ताद आवान्सा' या राजकीय आघाडीची सुरुवात 2021 पासून धरा. तेव्हा संसदेच्या निवडणुकीत ब्युनॉस आयर्स शहरात तिला सुमारे 17 टक्के मतं पडली.

मग 2023 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचे तीन आकडे शेजारी मांडा: ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत सुमारे 30 टक्के, ऑक्टोबरातही तेवढेच, नोव्हेंबरच्या अंतिम लढतीत 55.7. इथेच बहुतेकजण फसतात. हे 55.7 आघाडीची स्वतःची ताकद नव्हे. अंतिम लढतीतले प्रतिस्पर्धी सर्जिओ मास्सा नकोत म्हणून आलेली मतंही त्यात आहेत.

शेवटी संसद बघाच. 257 जणांच्या कनिष्ठ सभागृहातल्या निम्म्याच जागा दर दोन वर्षांनी भरतात, सिनेटच्या तर एक तृतीयांशच. म्हणून राष्ट्राध्यक्षपद जिंकूनही मिलेईंना विधेयकांसाठी इतर पक्षांची मनधरणी करावी लागली.