आधी वजनकाटा, मग यंत्र: लहान नगरपरिषदेने कचऱ्याचा आराखडा कसा करावा

महाराष्ट्रातील बऱ्याच नगरपरिषदांचा घनकचरा आराखडा यंत्राच्या माहितीपत्रकापासून सुरू होतो. मार्चअखेर निधी खर्ची टाकायचा असतो, एखादा विक्रेता कंपोस्टचे यंत्र किंवा कचरा बारीक करणारा श्रेडर सुचवतो, ठराव होतो आणि दोन वर्षांनी ते यंत्र वीजजोडणीअभावी शेडमध्ये गंजत असते. क्रम याच्या नेमका उलट हवा. कचरा किती, कोणत्या प्रकारचा, कोठून आणि कोणत्या दिवशी येतो हे आधी मोजावे. त्यातला किती निर्माण होण्याआधीच थांबवता येईल ते पाहावे. आणि जो उरेल त्यासाठीच गाड्या, जागा आणि यंत्रे ठरवावीत. पुढील विवेचनासाठी सुमारे 36,000 लोकसंख्येची 'क' वर्ग नगरपरिषद डोळ्यांपुढे ठेवली आहे. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावाचे आकडे आपणच काढायचे आहेत.

मोजणी

लहान शहरात माणशी रोज 200 ते 400 ग्रॅम कचरा धरण्याचा प्रघात आहे. 300 ग्रॅम धरले तर आपल्या गावाचा कचरा रोज 10.8 टन होतो. हा आकडा केवळ अंदाज आहे, तरीही तोच प्रस्तावात लिहून पुढे त्यावर कोट्यवधींचे अंदाजपत्रक उभारले जाते. प्रत्यक्ष मोजणी अवघड नाही. गावात स्वतःचा काटा नसेल तर बाजार समितीचा किंवा जवळच्या साखर कारखान्याचा काटा सात दिवस ठरलेल्या वेळी वापरण्याची परवानगी घ्यावी आणि प्रत्येक गाडीचे भरलेले व रिकामे वजन नोंदवावे. सात दिवस सलग असावेत, कारण आठवडी बाजाराचा दिवस इतर सहा दिवसांसारखा नसतो. अशी मोजणी वर्षातून किमान दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात करावी. पावसात भिजलेल्या कचऱ्याचे वजन फुगते आणि आंब्याच्या दिवसांत कोयी-साली वाढतात. एकाच हंगामाच्या आकड्यावर बेतलेली शेड दुसऱ्या हंगामात अपुरी पडते.

वजनाइतकीच घटकांची तपासणी महत्त्वाची आहे. निरनिराळ्या प्रभागांतील गाड्यांचा कचरा ताडपत्रीवर एकत्र करून नीट मिसळावा, ढिगाचे चार समान भाग करून समोरासमोरचे दोन भाग बाजूला काढावेत, उरलेले दोन पुन्हा मिसळावेत आणि सुमारे 100 किलो शिल्लक राहीपर्यंत ही कृती चालू ठेवावी. तो नमुना हातमोजे घालून स्वयंपाकघरातील ओला कचरा, पालापाचोळा, पुठ्ठा व रद्दी, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, इतर पातळ प्लास्टिक, चिप्स-गुटख्याची बहुस्तरीय वेष्टने, कापड, काच, धातू, डायपर व सॅनिटरी पॅड, माती-राडारोडा अशा गटांत विभागून प्रत्येकाचे वजन घ्यावे. माती आणि राडारोडा निम्म्याच्या आसपास निघाला तर तो घरांचा कचरा नव्हे. झाडलोटीची माती आणि बांधकामाचे अवशेष त्याच गाडीत पडत आहेत, असा त्याचा अर्थ. बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी 2016 पासून स्वतंत्र नियम आहेत, त्यामुळे त्याची वाहतूकही वेगळीच ठेवावी.

याच आठवड्यात गावातील भंगाराच्या दुकानांची यादी करावी. रद्दी, पत्रा आणि बाटल्या यांचा मोठा भाग घंटागाडीपर्यंत पोहोचतच नाही. तो घरातूनच फेरीवाल्या भंगारवाल्याकडे जातो. हा नगरपरिषदेच्या एका रुपयाविना चाललेला पुनर्वापर आहे. त्याला धक्का लागेल असा ठेका देऊ नये.

निर्माणच होऊ न देणे

कपातीचे प्रकरण बहुतेक आराखड्यांत दोन ओळींत आटोपते. वास्तविक न आलेल्या कचऱ्याला डिझेल लागत नाही आणि मजूरही लागत नाही. महाराष्ट्राने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या आणि अनेक एकल वापराच्या वस्तूंवर बंदी घातली, आणि 1 जुलै 2022 पासून देशभर ठरावीक एकल वापराच्या प्लास्टिक वस्तू बंद झाल्या. म्हणजे अधिकार हाताशी आहे, प्रश्न अंमलबजावणीचा आहे. भाजीवालीच्या पिशव्या जप्त करण्यात पथकाचा दिवस घालवण्यापेक्षा गावाला माल पुरवणारे चार-दोन घाऊक विक्रेते शोधून तेथे कारवाई करावी. त्याच वेळी बाजारात बचत गटाच्या कापडी पिशव्या अनामत घेऊन देण्याची सोय असावी, अन्यथा बंदी पंधरवड्यात विरते.

मंगल कार्यालये आणि सार्वजनिक जेवणावळी हे दुसरे ठिकाण. नगरपरिषदेने स्टीलच्या ताट-वाट्या-पेल्यांचा संच घेऊन नाममात्र भाड्याने दिला आणि कार्यालयाच्या परवान्यात एकल वापराच्या भांड्यांना मनाई लिहिली, तर लग्नसराईतला मोठा ढीग आटतो. गणेशोत्सवातील निर्माल्य विसर्जन घाटावरच वेगळे घेऊन थेट खतात घालावे. ज्या घरांच्या परसात जागा आहे त्यांना घरीच खत करण्यास उद्युक्त करावे; पुणे महानगरपालिका गांडूळखतासारख्या प्रकल्पांसाठी मालमत्ता करात सवलत देते, तसा ठराव लहान नगरपरिषदही करू शकते. मात्र सवलत देताना प्रकल्प चालू आहे की नाही याची वर्षातून एकदा प्रत्यक्ष पाहणी करावी. बंद पिंपावर मिळणारी सवलत पाहून शेजारीही कचरा वेगळा करणे सोडून देतो.

रोज 100 किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्यांना 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मोठे उत्पादक मानले आणि ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आपल्याच आवारात लावण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. लहान गावात असे उत्पादक दहा-बाराच निघतात. व्याख्येचा चालू मजकूर तपासून त्यांची यादी करावी आणि प्रत्येकाशी समोरासमोर बसून मुदत ठरवावी.

गाड्यांचे गणित

36,000 लोकसंख्येत साधारण 8,000 घरे आणि त्यावर हजारेक दुकाने धरू. सहा तासांच्या पाळीतून रिकामे करण्याच्या दोन फेऱ्यांसाठी दीड तास वजा केला तर 270 मिनिटे उरतात. गाडी चार-पाच घरांमागे एक थांबा घेत असेल आणि पुढे सरकण्यासह एका थांब्याला दीड मिनिट लागत असेल, तर 180 थांबे, म्हणजे सुमारे 800 दारे होतात. 9,000 दारांना 11 गाड्या आणि नादुरुस्तीसाठी राखीव एक. प्रत्येक गाडीकडे रोज जवळपास एक टन येतो, तो लहान गाडीच्या दोन फेऱ्यांत बसतो. हे गणित गल्लीच्या रुंदीनुसार बदलते. गावठाणात गाडी शिरतच नसेल तर तेथे हातगाडी किंवा तीनचाकी लागेल. गाड्यांची संख्या राजकीय मागणीवरून नव्हे तर या हिशोबातून यावी, एवढाच आग्रह.

2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी तीन भागांची विभागणी घालून दिली. सॅनिटरी कचराही स्वतंत्र घेणे शहाणपणाचे असल्याने गाडीत आरंभापासूनच चार कप्पे ठेवावेत. लोकांनी वेगळा दिलेला कचरा गाडीत किंवा डेपोत एकत्र झालेला एकदा जरी दिसला, तरी पुढे कितीही भोंगा वाजवला तरी कोणी ऐकत नाही. म्हणून वर्गीकरण केंद्राची जागा तयार होण्याआधी वर्गीकरणाची मोहीम सुरूच करू नये. केंद्र तयार झाले की दोन आठवडे समजूत, पुढचे दोन आठवडे मिश्र कचऱ्याची नोंद आणि लेखी सूचना, त्यानंतर मिश्र कचरा परत करणे आणि शेवटी दंड, असा क्रम ठेवावा. मोहीम एकाच वेळी संपूर्ण गावात नको. ज्या प्रभागातला मुकादम भरवशाचा आहे तेथून आरंभ करावा.

ओल्या कचऱ्याची जागा

तपासणीत ओला भाग 55 टक्के निघाला असे धरल्यास रोज जवळपास सहा टन. ढीग लावून खत करण्याची पद्धत लहान गावाला सर्वांत परवडते, कारण तिला यंत्रापेक्षा जागा आणि लक्ष जास्त लागते. घनमीटरला 500 किलो धरून सहा टनांचे 12 घनमीटर होतात. तीन मीटर पाया आणि दीड मीटर उंचीच्या त्रिकोणी ढिगात हे रोज पाच मीटरहून थोडी अधिक लांबी घेतात. 35 दिवस कुजण्यासाठी कागदावर सुमारे 190 मीटर लांबी लागते. ढीग बसत जातो, म्हणून प्रत्यक्षात कमी पुरते, पण उलथण्यासाठी दोन ढिगांमध्ये मोकळी वाट सोडावीच लागते. ढिगाचे तापमान 55 अंशांच्या वर सलग काही दिवस टिकले पाहिजे, म्हणजे रोगजंतू आणि तणाचे बी मरते. यासाठी लांब दांड्याचा तापमापक पुरतो आणि तो शेडमध्ये नसेल तर खत होत आहे की नुसता कचरा सडत आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. ओलावा 50 ते 60 टक्के हवा. मूठभर माल आवळल्यावर हाताला ओल लागावी, पाणी टपकू नये. कोकणासारख्या पावसाच्या प्रदेशात छत आणि ढिगातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यासाठी टाकी यांना पर्याय नाही. सुका पालापाचोळा उन्हाळ्यात साठवून ठेवावा. पावसाळ्यात तोच ओलावा शोषण्यास कामी येतो. हा पालापाचोळा जाळणारे सफाई कामगार नव्हे, तर तो साठवण्याची जागा न देणारे कार्यालय दोषी असते.

सहा टनांतून अंदाजे एक टन खत मिळते. ते चाळून, प्रयोगशाळेत तपासून आणि खत नियंत्रण आदेशाच्या निकषांत बसवून विकावे. त्यासाठी राज्याच्या 'हरित महासिटी कंपोस्ट' या नाममुद्रेचा उपयोग होतो. काचेचे तुकडे निघालेले खत शेतकरी दुसऱ्यांदा नेत नाही. जेथे हॉटेले दाट आहेत आणि जागा कमी आहे, तेथे बायोगॅसचा विचार करावा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण तंत्राचा वापर माथेरानसारख्या ठिकाणी झाला आहे. पण बायोगॅसला रोज स्वच्छ वेगळा केलेला ओला कचरा लागतो आणि प्लास्टिकची एक पिशवी मिक्सरमध्ये अडकली की दिवस वाया जातो. त्यामुळे वर्गीकरण किमान सहा महिने टिकल्याचे दिसल्यावरच त्याची निविदा काढावी.

सुका कचरा आणि तो हाताळणारी माणसे

वर्गीकरण केंद्राला पक्की फरशी, छत, वजनकाटा, कंबरेच्या उंचीचे टेबल, गठ्ठे बांधण्याचे यंत्र आणि आगीपासून बचावाची साधने एवढे पुरते. त्याआधी मात्र खरेदीदार ठरवावेत. पुठ्ठा, पेट बाटल्या आणि पत्रा यांना गिऱ्हाईक असते. बहुस्तरीय वेष्टनांना नसते. ती सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतात, पण कारखाना दूर असेल तर वाहतुकीचा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो. म्हणून आसपासच्या चार-पाच नगरपरिषदांनी गठ्ठे एकत्र करून गाडी भरावी.

केंद्रावर कोणाला घ्यावे, याचे उत्तर पुण्याने दिले आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून पुढे आलेल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे 2008 पासून घरोघरच्या संकलनाचे काम आले. घरांकडून मिळणारे शुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे थेट कचरावेचकांच्या हाती जातात, त्यामुळे कचरा नीट वेगळा करण्यात त्यांचाच फायदा असतो. हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याच्या कमाईचा वर्गीकरणाशी संबंध नाही, त्याच्याकडून वर्गीकरण करून घेण्यासाठी मागे निरीक्षक लावावा लागतो.

ठेक्यातील कलम

येथे बहुतेक चांगले आराखडे फसतात. ठेकेदाराला डेपोत आणलेल्या टनावर पैसे मिळत असतील, तर कचरा कमी होणे हे त्याचे नुकसान आहे. मग गाडीत माती येते, राडारोडा येतो, पावसात ताडपत्री मुद्दाम काढली जाते. एकीकडे कापडी पिशव्या वाटणारी नगरपरिषद दुसरीकडे वजनाला बक्षीस देत असते. देयक सेवा दिलेल्या दारांच्या संख्येवर ठेवावे आणि त्याला वेगळ्या आलेल्या कचऱ्याच्या टक्केवारीची जोड द्यावी. ती टक्केवारी ठेकेदाराच्या नोंदवहीतून न घेता स्वच्छता निरीक्षकाने आठवड्यातून दोनदा आगाऊ न कळवता उघडलेल्या गाड्यांवरून काढावी. वजनकाट्याच्या पावत्या संकेतस्थळावर टाकल्या तर नगरसेवकांबरोबर नागरिकही हिशोब विचारू शकतात.

खर्चाची बाजू सर्वसाधारण सभेपुढे नेताना भांडवली खर्चाशेजारी पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च लिहावा: वेतन, डिझेल, वीज, दुरुस्ती, हातमोजे-गमबूट, खताच्या तपासण्या. त्यातून खत व भंगाराचे उत्पन्न वजा केल्यावर जी तूट उरते, ती मालमत्ता करासोबतच्या उपभोक्ता शुल्कातून किती भरून काढायची हे सभेने ठरवावे. खत विकून प्रकल्प नफ्यात येईल असे लिहिलेला प्रस्ताव परत पाठवावा.

जागेबाबत शेजारच्या गावाला गृहीत धरू नये. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली. 2018 च्या फेब्रुवारीत नारेगावकरांनी डेपो बंद पाडल्यावर औरंगाबादच्या रस्त्यांवर ढीग साचले. उलट सिंधुदुर्गातील वेंगुर्ला नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा डेपोच्या जागीच वर्गीकरण, बायोगॅस आणि बाग उभारून ती लोकांना पाहण्यासाठी खुली केली. जुन्या ढिगाचे बायोमायनिंग, म्हणजे साचलेला कचरा उकरून आणि चाळून जागा मोकळी करणे, हाती घ्यायचेच आहे, पण रोजचा मिश्र कचरा तेथे पडणे थांबण्याआधी ते सुरू केले तर एका टोकाने उपसलेली जागा दुसऱ्या टोकाने भरत राहते. म्हणून वेळापत्रकात ते काम वर्गीकरण स्थिरावल्यानंतर, बहुधा दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर ठेवावे, आणि ढिगाचे मोजमाप निविदेआधी ठेकेदाराशी संबंध नसलेल्या संस्थेकडून करून घ्यावे.