नुसत्या रंगाचं चित्र कसं बघायचं (आणि तिथे वीस मिनिटं कशी घालवायची)

परवा एक मैत्रीण म्हणाली, अगं जहांगीर आर्ट गॅलरीत (मुंबईतली) गेले होते, सगळीकडे नुसते करडे आणि मातकट कॅनव्हास, नाव विचारावं तर प्रत्येकाखाली 'शीर्षकहीन', पाच मिनिटांत बाहेर पडले. मला वाईट वाटलं, कारण अशा चित्रांसमोर उभं राहून नेमकं करायचं काय हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलंच नसतं, चित्र म्हणजे डोंगर सूर्य झोपडी इथेच आपला विषय संपलेला असतो. म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, 'हे कशाचं चित्र आहे' हा प्रश्न दाराबाहेर ठेवा आणि त्याच्याऐवजी 'हे कसं झालं असेल' असं विचारायला लागा. गावाकडे शेणाने सारवलेलं अंगण आठवा, बोटांचे अर्धगोल एकाला एक लागून उमटलेले असतात, ते कशाचं चित्र आहे असं आपण आजीला कधी विचारलं का? पण हात कुठून कुठे फिरला, कुठे ओलं जास्त होतं, सारवणारी कुठे थांबून मागे सरकली, हे सगळं आपल्याला दिसायचं की. तीच नजर इथे लावायची, बस.

आता प्रत्यक्ष कसं बघायचं. एका प्रदर्शनात पंचवीस चित्रं असतील तर सगळी बघायचा हट्ट नको, एक चक्कर मारा आणि ज्याच्यापाशी पाय रेंगाळले अशी दोन किंवा तीन निवडा. मग त्यातल्या एकासमोर आधी लांब उभं राहा, दहा-बारा फुटांवर, तिथून फक्त वजन बघायचं, म्हणजे डोळा कुठे ओढला जातोय, वर की खाली, मध्ये की कडेला. मग हातभर अंतरावर या (हात मागे बांधून, बोट लावायचं नाही हं, बोटाचं तेल पृष्ठभागावर राहतं), इथे कापडाची वीण दिसते, रंग पातळ आहे की पोटीससारखा जाड, ब्रश फिरलाय की पत्र्याने खरवडलंय ते दिसतं. आणि तिसरं, जे कुणीच करत नाही, बाजूला जाऊन कॅनव्हासची कड बघा. पुढे शेवटचा थर असतो पण कडेवर बऱ्याचदा खालचे थर ओघळून राहिलेले असतात, समोरून राखाडी दिसणाऱ्या चित्राच्या कडेवर गेरू नाहीतर निळा सापडतो, आणि मग परत समोर येऊन बघितलं की तो निळा राखाडीच्या आतून जाणवायला लागतो. हे एकदा झालं ना की पुढच्या वेळी कुणी ओढून न्यावं लागत नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण घ्या, 1924 ला नागपुरात जन्म, गिरगावात वाढले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 साली डिप्लोमा. ते स्वतःच्या चित्रांना अमूर्त म्हणायचेच नाहीत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणजे कुठल्याही वस्तूवर न बेतलेलं, असं म्हणायचे. ते रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंग मिसळायच्या, पसरवायच्या बोथट सुरीने) काम करायचे, रंग लावायचा, पुसायचा, उचलायचा, कागदाचे तुकडे वापरून कॅनव्हासवर रंग उमटवायचा, आणि वर्षभरात मोजकीच चित्रं व्हायची. त्यामुळे त्यांच्या चित्रात जे आकार तरंगताना दिसतात त्यांना ब्रशने काढलेली बाह्यरेषाच नसते, कड कुठे धारदार असते तर कुठे विरघळलेली. ती कड शोधा. कड धारदार असेल तर तिथे कशाचा तरी काठ टेकला असणार, विरघळलेली असेल तर रंग ओला असतानाच दुसरं काहीतरी त्यावरून गेलं असणार, असं एकेक जुळवत गेलं की वीस मिनिटं कुठे गेली कळत नाही. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमने 2014 मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. लिलावातले त्यांचे कोटींचे आकडे मात्र बघायला जाण्याआधी वाचू नका, ते डोक्यात असले की समोर चित्र दिसत नाही, रक्कम दिसते.

चित्राशेजारच्या पट्टीवर नाव नसलं तरी माध्यम असतं, ते नक्की वाचा. तैलरंग लिहिलं असेल तर लक्षात ठेवा की त्यातलं जवसाचं तेल हवेशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होतं, जाड थराला कित्येक आठवडे लागतात, म्हणजे थरावर थर दिसत असतील तर त्यात वाट बघण्याचे महिने आहेत. अॅक्रिलिक पाणी उडून पटकन वाळतं, तिथे निर्णय भराभर घेतलेले असतात. आणि तागाचं कापड, गंज, सिमेंट, माती असं काही लिहिलेलं असेल तर तो पदार्थ काय करतोय ते बघायचं. कोरियाचे चित्रकार हा चोंग-ह्यून ('हा' हे त्यांचं आडनाव) 1974 पासून एक मालिका करतायत, त्यात ते जाड विणीच्या तागाच्या कापडाला मागच्या बाजूने रंग लावून दाबतात आणि तो विणीतून पुढे फुटून येतो, सोऱ्यातून शेव यावी तसा. हे माहीत नसेल तर ते पुढून नुसते रंगाचे गोळे वाटतात, माहीत झालं की कापडच रंगवणारं आहे हे दिसतं.

जहांगीरमध्ये बऱ्याचदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेले असतात आणि लोक लाजून त्यांच्याशी बोलत नाहीत. बोला. अर्थ विचारू नका, खाली पहिला रंग कुठला होता, हे कशाने ओढलंय, इथे थांबायचं कसं ठरवलंत, असं विचारा. मी ज्यांना ज्यांना असं विचारलंय ते उठून चित्रापाशी घेऊन गेलेत. फोटो काढायचा तर परवानगी घेऊन आणि फ्लॅश बंद करून काढा, पण आठवण म्हणूनच, पातळ थरांमधून आत जाऊन परत येणारा उजेड मोबाइलमध्ये येत नाही. उजेडावरून आठवलं, एका छोट्या गॅलरीत दिवे असे लावले होते की प्रत्येक चित्रावर चकाकी, फार चिडचिड झाली, अशा वेळी दोन पावलं डावीउजवीकडे सरकत राहायचं, तिरक्या उजेडात उंचसखलपणा उलट जास्त नीट दिसतो.

आणि घरी येऊन एकदा हे कराच. जाड पुठ्ठा घ्या, त्यावर अॅक्रिलिकचा एक गडद थर द्या, पूर्ण वाळू द्या. त्यावर फिका रंग पाणी घालून लावा आणि ओला असतानाच वर्तमानपत्राचा फाडलेला तुकडा दाबून अलगद उचला. खालचा गडद रंग तुकड्यातुकड्याने वर येतो, आणि कुठे किती येणार हे अर्धंच आपल्या हातात असतं. चार-पाच वेळा करा, मग त्याच प्रदर्शनाला परत जा. जहांगीरमधली प्रदर्शनं साधारण आठवडाभरच असतात, त्यामुळे पहिली फेरी सुरुवातीच्या दोन दिवसांतच मारा, म्हणजे दुसरीला वेळ उरतो.