मास्तरकी सुटल्यावर कादंबरी लिहायची तर

खडू सुटला, तपासायची खोड सुटली नाही. तीच कामाला लावा. रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण मी आधी लिहितो. खुनी ठरला की मागे जाऊन खुणा पेरता येतात. ऐतिहासिक कादंबरीला हात घालण्याआधी मोडी लिपी शिका. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जुने कागद आहेत, पण नुसत्या देवनागरीच्या भरवशावर गेलात तर हात हलवत परत याल. मी आलो. आणि मावळ्याला चहा पाजू नका! (माझ्या पहिल्या खर्ड्यात दोनदा पाजला होता.) सामाजिक कादंबरी सर्वांत अवघड, नातेवाईक स्वतःला शोधतात. प्रत्येक प्रकरण मोठ्याने वाचा; मागच्या बाकावरचं पोरगं जिथे जांभई देईल, तिथे लाल पेन चालवा.