बगिच्यातल्या टाक्याचा पंप: वायरचा जोड पावसाळ्यात कसा सांभाळावा

नागपुरात आमच्या अंगणात कमळाचं एक छोटं टाकं आहे. पाणी खेळतं राहावं, डास होऊ नयेत म्हणून त्यात छोटा पंप सोडलेला. काही वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या सरीनंतर वडील टाक्यातला कडुनिंबाचा पाला काढायला वाकले आणि हात झटकन मागे घेऊन म्हणाले, "अरे, हाताला मुंग्या आल्यासारखं झालं." तो करंट होता. पंपाची वायर तोकडी पडली म्हणून मी टाक्याच्या काठावरच दुसरी वायर जोडली होती, वर काळी टेप गुंडाळली होती आणि तिच्यावर दुधाची रिकामी पिशवी बांधली होती. पिशवी सोडवून पाहिली तर बाहेरून पाणी शिरल्याची खूण नव्हती. घाम धरावा तसं ते आतल्या आत साचलं होतं. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळून ती सुटली होती आणि उघड्या तांब्यावर हिरवट पूड धरली होती.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट गृहीत धरून काम करतो: पाणी आत जाणारच. कितीही घट्ट बांधा, आज ना उद्या जाणार. म्हणून जोड पाण्यापासून लांब आणि उंच असला पाहिजे, आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट पाहिजे आणि एवढं करूनही चुकलंच तर माणसाला धक्का बसायच्या आत वीज तुटली पाहिजे.

सुरुवात घरातल्या बोर्डापासून

बगिच्याला हात लावण्याआधी घराचा डीबी, म्हणजे सगळ्या लाइनी जिथून वाटल्या जातात तो मुख्य बोर्ड, उघडून बघा. पंपाच्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, आहे का, आणि असला तर त्यावर ३० एमए (मिलिअँपिअर) लिहिलंय का? काही घरांत मेनवर १०० किंवा ३०० एमएचा बसवलेला असतो. तो आगीपासून बचाव करतो, माणसासाठी पुरेसा नाही. आणि "आमच्याकडे एमसीबी आहे", म्हणजे जास्त करंट ओढला की पडणारा (आपोआप बंद होणारा) स्विच आहे, हे उत्तर इथे चालत नाही. ६ अँपिअरचा एमसीबी पडायला ६ अँपिअरहून जास्त करंट लागतो; माणसाचं हृदय बंद पाडायला त्याचा शंभरावा भागही पुरतो. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) पूर्ण परत आला की नाही, एवढंच आरसीसीबी बघतो. ३० मिलिअँपिअर कमी आला की क्षणात लाइन तोडतो. मात्र ओव्हरलोड त्याला कळत नाही, म्हणून एमसीबी सोबत हवाच.

इथे एक चूक फार होते. आरसीसीबीतून निघालेला न्यूट्रल फक्त त्याच लाइनला वापरायचा असतो. वायरमनने तो दुसऱ्या खोलीच्या न्यूट्रलला जोडला, तर दिवा लावला की आरसीसीबी पडतो. मग घरचे वैतागतात आणि कोणीतरी सांगतं, "काढून टाका हो, उगाच त्रास." काढू नका, न्यूट्रल वेगळा करून घ्या. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. डीबीतला उघडा बसबार, म्हणजे वीज वाहणारी उघडी पट्टी, स्वतः हाताळायची गोष्ट नाही.

आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो बदला, आणि तोवर पंप लावू नका.

अर्थिंगही त्याच दिवशी बघून घ्या. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या रॉडपासून सुटते. कोरड्या मातीतून करंट जमिनीत नीट उतरत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची जुनी पद्धत बरोबरच आहे. अर्थिंग चांगलं असलं की बिघाड झाल्याक्षणीच आरसीसीबी पडतो, कोणी हात लावेपर्यंत थांबत नाही.

जोड कुठे असावा

पंपाच्या वायरला पाण्याजवळ जोड देऊच नका, हे सगळ्यात चांगलं. छोट्या फवाऱ्याच्या पंपाला बहुधा दीड-दोन मीटर वायर येते, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं. विकत घेतानाच ५ किंवा १० मीटर वायरचा पंप मागा. दोन दुकानं जास्त फिरावं लागेल, पण मिळतो.

नाहीच मिळाला तर जोड टाक्यापासून दोन-तीन मीटर लांब, भिंतीवर किंवा पक्क्या खांबावर, छज्जाच्या आडोशाला घ्या. जमिनीपासून निदान अडीच-तीन फूट उंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. सखल भागात राहत असाल तर त्या दिवशीची पाण्याची खूण भिंतीवर कुठवर होती ते आठवा आणि जोड ज्यात ठेवायचा ती पेटी त्या खुणेच्या वर लावा.

उन्हाळा संपल्यावर कुलरचा पंप काढून टाक्यात सोडायची आपल्याकडे सवय आहे. मी ते करणार नाही. त्याची वायर कुलरच्या आत, सावलीत राहण्यासाठी असते. तिला दोनच पिना असतात, आणि मोसमभर पाणी आटून कोरडा चाललेला पंप आतून भाजलेला असू शकतो. वाइंडिंगभोवतीच्या (मोटरीतल्या तारेच्या गुंडाळीभोवतीच्या) भरावाला तडा गेला की पंप स्वतःच पाण्यात वीज सोडतो. मग बाहेरचा जोड कितीही चांगला असून काय उपयोग? पंपाची बॉडी धातूची असेल तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवंच हवं.

घरात लहान मुलं असतील तर सरळ १२ व्होल्टचा पंप घ्या. त्याचा ट्रान्सफॉर्मर घरात ठेवायचा, बगिच्यात फक्त १२ व्होल्ट जातात. फवारा थोडा बुटका होतो, तो होऊ द्या.

पेटी बसवताना

पेटीवर आयपी आणि त्यापुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाइपच्या फवाऱ्याने पाणी शिरत नाही. आयपी ६७ ची पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी तग धरते. छज्जाखाली आयपी ६५ पुरते. पण आकडा पेटीचा असतो, तुम्ही पाडलेल्या भोकाचा नाही. गरम खिळ्याने भोक पाडून वायर आत सारली की तो आकडा संपला.

वायर आत घ्यायला ग्लँड, म्हणजे वायरीला रबराने घट्ट आवळणारा नट, वापरा. पीजी ९ चा ग्लँड साधारण ४ ते ८ मिलिमीटर जाडीची गोल वायर धरतो. गोल, हा शब्द लक्षात ठेवा. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांमुळे आपल्या बाजारात बोअरवेलची चपटी सबमर्सिबल केबल सहज मिळते आणि ती दणकटही असते. पण गोल ग्लँडच्या रबरात ती बसत नाही, दोन्ही बाजूंना फट राहते. तिथे गोल तीन-कोर (आत तीन तारा असलेली) केबलच घ्या.

सगळ्या वायरी पेटीत खालून घ्या. वरून एकही नाही, बाजूनेही शक्यतो नको. आणि पेटीत शिरण्याआधी वायरला खाली एक झोल द्या, पेटीच्या तळापेक्षा वीतभर खाली जाईल असा. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं, त्या झोलाच्या सगळ्यात खालच्या जागी येऊन थेंब होऊन गळतं आणि वर ग्लँडपर्यंत चढत नाही. पाऊस पडत असताना एकदा उभं राहून बघा, थेंब कसा तिथेच लोंबतो ते.

आता त्या दुधाच्या पिशवीचं. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४५ च्या आसपास तर बहुतेक उन्हाळ्यांत जातोच. उन्हातली प्लास्टिकची पेटी त्याहून कितीतरी जास्त तापते. आतली हवा फुगते आणि फटींतून बाहेर पडते. मग संध्याकाळी वळवाची सर येते, पेटी एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि पेटी बाहेरची ओली हवा, कधी कधी ग्लँडभोवतीचं पाणीसुद्धा आत ओढते. ती वाफ रात्री थेंब होऊन तळाशी बसते. रोज थोडं थोडं. म्हणून पेटीच्या तळाला ५ मिलिमीटरचं एक भोक ठेवा. आयपीचा आकडा त्याने खाली येतो हे खरं. पण छज्जाखाली, तोंड जमिनीकडे असलेल्या भोकातून पाणी वर चढत नाही, साचलेलं मात्र निघून जातं. पेटी आडोशाला नसेल तर साधं भोक न ठेवता ग्लँडसारखा बसणारा ब्रीदर-ड्रेन प्लग, म्हणजे हवा खेळू देणारं आणि साचलेलं पाणी बाहेर सोडणारं बूच, लावा. भोकाला बारीक जाळी हवी, नाहीतर मुंग्या आत वारूळ करतात आणि कुंभारमाशी चिखलाने ते भोक बुजवून टाकते. मी दोन्ही पाहिलंय.

प्रत्यक्ष जोड

प्लग उपसा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बटण बंद असूनही वायरीत फेज राहते. टेस्टर पेटला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. डीबीतून लाइन पाडा.

पेटीच्या आत जोडायचं तर स्क्रूचा टर्मिनल ब्लॉक पुरतो, पण बारीक तारांच्या वायरीला आधी टोपी, म्हणजे फेरूल, दाबून बसवा. सुट्या तारा स्क्रूखाली चिरडतात आणि सैल पडलेल्या ठिकाणी जोड तापतो. तपकिरी ते तपकिरी, निळा ते निळा, हिरवा-पिवळा ते हिरवा-पिवळा. अर्थची तार इतर दोन्हींपेक्षा दोन इंच लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटेल.

पेटीशिवाय जोड द्यावाच लागला, तर बोअरवेलवाले देतात तसा द्या. प्रत्येक तार वेगळ्या ठिकाणी कापा, म्हणजे तीन जोड शेजारी-शेजारी न येता पायऱ्या-पायऱ्यांनी येतील. प्रत्येकावर क्रिंप, म्हणजे दाबून बसवायची धातूची नळी, त्यावर आतून डिंक असलेली हीटश्रिंक (गरम केली की आकसणारी) नळी, आणि शेवटी सगळ्यांवर एक मोठी. गरम करताना नळीच्या दोन्ही टोकांतून डिंकाची बारीक कड बाहेर आली पाहिजे. ती दिसली नाही तर जोड पाणीबंद झाला नाही असं समजा. साध्या हीटश्रिंकमध्ये डिंक नसतो, दुकानात मागताना नीट सांगा. काळी पीव्हीसी टेप या कामाची नाही. आणि पाणी वरूनच येतं असं नाही: ओल्या टोकातून ते बारीक तारांच्या मधल्या फटींत, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, आतून लांबवर सरकतं. म्हणून जुनी वायर कापल्यावर तांबं काळं दिसलं तर लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा.

जमिनीतून वायर नेताना

आर्मर्ड केबल (धातूच्या तारांचं कवच असलेली), किंवा जाड पाइपात साधी केबल. दीड-दोन फूट खोल चर, जिथे कुदळ चालते तिथे आणखी खोल. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वायर ताठ टाकली तर तिला ओढते आणि ताण थेट जोडावर येतो. म्हणून नागमोडी टाका. खाली-वर चार बोटं रेती, तिच्यावर विटांची ओळ, मग माती. मुरमाचे खडे केबलला लागू देऊ नका. चराचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजून. पुढच्या वर्षी नवीन झाड लावताना तो कामी येतो.

जमिनीवर उन्हात राहणारा वायरीचा तुकडा पाइपात घाला. पांढरी घरगुती फ्लेक्सिबल वायर नागपूरच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होते, वाकवली की तडकते.

चालू करण्याआधी

पंप पाण्यात पूर्ण बुडवा, लाइन चालू करा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो पडला की परत चढवा आणि पंप चालवून तासभर तसाच राहू द्या. तेवढ्यात आरसीसीबी पडला नाही तर पुन्हा लाइन बंद करून पेटीवर पाइपने पाच मिनिटं पाणी मारा, पुसा, उघडा, आत टिश्यू पेपर फिरवा. कोरडा निघाला पाहिजे.

मे महिन्यात टाक्यातलं पाणी झपाट्याने उडतं. आठवडाभर लक्ष दिलं नाही तर चार बोटं खाली गेलेलं असतं. पंप कोरडा पडू देऊ नका. आणि टाक्यात हात घालण्याआधी, एक पान उचलायचं असलं तरी, प्लग काढायचा. आमच्या घरी वडील आजही आधी भिंतीपाशी जातात, प्लग काढून खांद्यावरच्या टॉवेलवर ठेवतात आणि मगच टाक्यापाशी वाकतात.