अमेरिकेतल्या जंगलात वायरलेस कसा ऐकायचा: रेंजर, फॉरेस्ट आणि वणव्याचे चॅनेल

योसेमिटी, सिक्वोया, टाहो अशा ठिकाणी कॅम्पिंगला जाणारी आपली मराठी मंडळी कॅलिफोर्नियात भरपूर आहेत, आणि तिथे डोंगरात शिरलं की फोनची रेंज गेलीच. पलीकडे दिसणारा धूर कुठला, रस्ता बंद केलाय का, हेलिकॉप्टर कुठे चाललंय, हे सगळं रेंजर आणि फायरवाले वायरलेसवर बोलत असतात आणि त्यातलं बरंच आपल्याला कायद्यात बसून ऐकता येतं. १९८६ च्या फेडरल कायद्यात सरकारी खात्यांचं आणि पोलीस-फायरचं उघडं बोलणं ऐकायला मुभा आहे. एन्क्रिप्ट केलेलं मात्र सोडून द्यायचं, ते फोडायच्या भानगडीत अजिबात पडायचं नाही.

आधी जंगल कोणाचं आहे ते नकाशात बघा, कारण खातं बदललं की रेडिओ बदलतो. योसेमिटीच्या आत नॅशनल पार्क सर्व्हिस, पण पार्कला लागून स्टॅनिस्लॉस, सिएरा, इन्यो ही नॅशनल फॉरेस्ट आहेत, ती फॉरेस्ट सर्व्हिसची, आणि खाली पायथ्याच्या टेकड्यांवर बऱ्याच ठिकाणी कॅल फायर, म्हणजे कॅलिफोर्निया राज्याचं फायर खातं. फॉरेस्ट सर्व्हिस आणि पार्क दोघंही मुख्यतः १६२ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये असतात, फरक एवढाच की फॉरेस्टवाले अजून बहुतांशी साध्या अ‍ॅनालॉग एफएमवर आहेत आणि बरेच पार्क पी-२५ या डिजिटल पद्धतीवर गेलेत, जी साध्या सेटवर ऐकू येत नाही. कॅल फायर खाली १५१ च्या आसपास भेटतं, त्यांचा विमान-ते-जमीन चॅनेल १५१.२२०.

म्हणून माझं स्पष्ट मत, सुरुवातीलाच महागडा डिजिटल स्कॅनर (एकामागून एक चॅनेल तपासत नुसतं ऐकवणारा रेडिओ) घेऊ नका. युनिडेनचा बीसी-१२५-एटी सारखा साधा अ‍ॅनालॉग स्कॅनर शंभर-दीडशे डॉलरमध्ये येतो, ५०० चॅनेल बसतात, विमानांचा एएम बँड पण ऐकू येतो, वणव्याच्या सीझनमध्ये जे ऐकायचं असतं त्यातलं बहुतेक त्यात येतं. पार्कचं डिजिटल ऐकायचंच असेल तर एसडीएस-१०० सारखा पी-२५ वाला लागतो, तो बराच महाग, किंवा घरी लॅपटॉप असेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि त्यावर एसडीआर-ट्रंक सॉफ्टवेअर, पण तंबूत बसून लॅपटॉप कोण चालवणार.

वाचलेल्या पैशातला थोडा अँटेनावर घाला. स्कॅनरसोबत येणारी रबराची आखूड अँटेना या बँडला कमी पडते, बीएनसी जोडणीची टेलिस्कोपिक घ्या आणि साधारण ४३ सेंटिमीटर बाहेर ओढा, १६८ मेगाहर्ट्झला पाव वेव्हलेंग्थ तेवढीच येते. चेक करायची सोपी पद्धत म्हणजे हवामान खात्याचे सात चॅनेल, १६२.४०० ते १६२.५५०, ते चोवीस तास चालू असतात आणि याच बँडच्या सुरुवातीला आहेत, ते स्वच्छ आले तर तुमचा सेटअप ठीक आहे. नाही आले तर चार पावलं उंचावर जा, दरीत बसून काहीच ऐकू येत नाही.

आता फ्रिक्वेन्सी. एफसीसीच्या, म्हणजे रेडिओ परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, डेटाबेसमध्ये शोधत बसू नका, फेडरल खात्यांना फ्रिक्वेन्सी एफसीसी देतच नाही, ती एनटीआयए ही दुसरी सरकारी संस्था देते, त्यामुळे तिथे फक्त राज्याची आणि काउंटीची खाती सापडतील. फेडरलसाठी रेडिओ-रेफरन्स या वेबसाइटवर त्या फॉरेस्टचं नाव टाकून यादी काढा, आणि तिथे पोचल्यावर १६२ ते १७४ हा पट्टा १२.५ किलोहर्ट्झच्या स्टेपने सर्च लावून द्या. देशभर कॉमन असे काही आधीच भरून ठेवा: १६८.६२५ हा एअर गार्ड, म्हणजे विमानांचा इमर्जन्सी चॅनेल, १६८.६५० विमानांच्या फ्लाइट फॉलोइंगचा, म्हणजे विमान कुठे आहे यावर लक्ष ठेवण्याचा, आणि आगीच्या ठिकाणच्या टीमचे टॅक चॅनेल १६८.०५०, १६८.२००, १६८.६००.

टोनचा भाग नीट समजून घ्या, खरी मजा तिथेच आहे. टोन म्हणजे बोलण्यासोबत जाणारा, आपल्याला ऐकू न येणारा हलका सूर, आणि रिपीटर म्हणजे आलेलं बोलणं पुन्हा लांबवर फेकणारा शिखरावरचा सेट. एका फॉरेस्टची बऱ्याचदा एकच मुख्य फ्रिक्वेन्सी असते पण रिपीटर वेगवेगळ्या शिखरांवर, आणि बोलणारा माणूस ज्या टोनने बटण दाबेल तोच रिपीटर उघडतो. कॅलिफोर्नियात टोन १ म्हणजे ११०.९ हर्ट्झ, टोन २ म्हणजे १२३.०, टोन ३ म्हणजे १३१.८, टोन ४ म्हणजे १३६.५, असं पुढे १६ पर्यंत जातं. पण हे टोन रिपीटरकडे जाताना लागतात, रिपीटर बाहेर टाकतो तेव्हा वेगळाच टोन असेल किंवा नसेलही, म्हणून तुमच्या स्कॅनरवर टोन बंदच ठेवा नाहीतर चॅनेल मेला असं वाटेल. एखादं इंजिन, म्हणजे आगीचा बंब, डिस्पॅचला (कंट्रोल रूमला) हाक मारताना बऱ्याचदा कुठल्या शिखराच्या रिपीटरवर आहे तेही सांगतं, नकाशा समोर असेल तर लगेच कळतं गाडी कुठल्या खोऱ्यात आहे.

आग लागली की मात्र जमिनीवरच्या चॅनेलपेक्षा आधी विमानं पकडा. एअर अटॅक म्हणजे वर घिरट्या घालणारं छोटं विमान, ते उंचावर असल्यामुळे खूप लांबून ऐकू येतं, आणि आग किती एकर, कुठल्या दिशेला पसरतेय, घरांना धोका आहे का हे सगळं तेच सांगतं. आगीपाशी येणाऱ्या प्रत्येक विमानाला १२ नॉटिकल मैलांवरूनच हाक मारावी लागते, त्यामुळे नुसतं ऐकून किती विमानं येतायत ते समजतं. विमानांचं आपापसातलं बोलणं ११८ ते १३७ मध्ये एएमवर असतं, तोही पट्टा स्कॅनला लावा.

ऐकलेल्यावरून स्वतःच ठरवून थांबू नका, जागा खाली करायचा आदेश आला की निघायचं, आणि जखमी माणसाची नावं-माहिती कुठेही पोस्ट करायची नाही. वॉच ड्यूटी अ‍ॅपवर हे स्कॅनर ऐकणारे व्हॉलंटियर लोक तपासून माहिती टाकतात, रेंज असेल तर ते बघा.

आणि बाओफेंगसारखा बोलता येणारा सेट ऐकायला वापरत असाल तर त्याचं ट्रान्समिट बंद करा, खरंच करा. २०२१ मध्ये आयडाहोत एल्क रिव्हरजवळच्या जॉन्सन फायरच्या वेळी एक हॅम (लायसन्स असलेला हौशी रेडिओवाला) चांगल्या हेतूने आगीच्या चॅनेलवर बोलला, विमानांना धोक्याची ठिकाणं सांगायला, आणि २०२२ मध्ये एफसीसीने त्याच्यावर ३४,००० डॉलर दंड प्रस्तावित केला. तिथे कोणी मध्ये बोललं की पायलटचं एक वाक्य बुडतं, आणि खाली माणसं आगीत असतात.

गाडीत स्कॅनर ठेवण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा इथे निर्बंध आहेत, हॅम लायसन्सवाल्यांना बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, रोड ट्रिपला निघण्याआधी वाटेतल्या राज्यांचे बघून घ्या. आणि तोच स्कॅनर सुट्टीत ताडोबाला किंवा मेळघाटला नेऊ नका, आपल्याकडे वायरलेस उपकरण बाळगायला १९३३ च्या कायद्यापासून परवाना लागत आलाय, आणि वाघांच्या जंगलात गार्ड कुठे आहेत हे बाहेरच्या कोणी ऐकणं हे तिथल्या लोकांना परवडणारं नाही.