डोक्यावरच्या धडकेचं संगणकी मॉडेल करताय? या चुका टाळा

फोंड्याच्या बाजूला राहून इंजिनीअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट बघतो, त्यामुळे ‘हेडर, म्हणजे डोक्यानं चेंडू, मारताना मेंदूचं काय होतं’ हा विषय घेऊन एखादा फुटबॉलवेडा दर दोन-तीन वर्षांनी येतोच. गोवाच तो, येणारच. महिन्याभरानं तो लॅपटॉपवर लाल-निळा मेंदू दाखवून म्हणतो, ‘‘सर, बघा, इथं इजा होते.’’ मी विचारतो, तुझ्या मॉडेलमधल्या मेंदूचं वजन किती? एकदा ते १.४ टन निघालं होतं.

ही एककांची चूक. सॉफ्टवेअर एकक विचारत नाही, आकडे घेतं आणि गुणतं. मिलिमीटर, मिलिसेकंद, किलो धरले तर बल किलोन्यूटनमध्ये, दाब गिगापास्कलमध्ये आणि ऊर्जा ज्यूलमध्ये मिळते. यात मेंदूची घनता ०.०००००१०४ लिहायची. शून्य मोजताना कोणीही चुकतो. म्हणून आधी कागदावर हिशेब करा. ४३० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला २० मीटर वेगानं आला, तर ऊर्जा ८६ ज्यूल. रनच्या, म्हणजे संगणकावर धडक चालवून बघण्याच्या, सुरुवातीला हाच आकडा दिसला पाहिजे. चेंडूही भरीव गोळा करू नका. आत हवा आहे, आणि नियमात तिचा दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर चालतो. तुम्ही किती धरला ते लिहा. भरीव चेंडूनं धडक फार आखूड आणि फार कडक होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच: फक्त सरळ रेषेतलं त्वरण बघणं. काठोकाठ भरलेलं आडसर (शहाळं) सरळ ढकला, आतल्या पाण्याला काही कळत नाही. तेच गरकन फिरवा, करवंटी फिरते आणि पाणी मागे राहतं. मेंदूचं असंच आहे. होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञानं १९४३ मध्येच मांडलं होतं की फिरण्यानं मेंदूत जी कातर पडते, म्हणजे थर एकमेकांवरून सरकतात, ती खरी घातक. तरी मुलं एचआयसी (हेड इंज्युरी क्रायटेरियन, डोक्याच्या इजेचा निकष) काढून ‘१००० च्या खाली, म्हणजे सुरक्षित’ लिहून मोकळी होतात. एचआयसी मोटारींच्या अपघातांसाठी आलेला, कवटी फुटण्याच्या अभ्यासातून निघालेला निकष; त्याच्या सूत्रात फिरणं नाहीच. कोनीय वेगही द्या.

मेंदूचे गुणधर्म भरताना पॉइसन गुणोत्तर (एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूला किती फुगतं ते; ०.५ म्हणजे आकारमान अजिबात बदलत नाही) ०.४५ ठेवतात, कारण ०.४९९९९ दिलं की रन अडते. पण मेंदू दाबाला पाण्याइतका ताठ असतो, सुमारे २.२ गिगापास्कल, आणि कातरीला जेमतेम काही किलोपास्कल. ०.४५ नं तो स्पंजासारखा चेपला जातो. मॉडेलमध्ये मेंदू बारीक तुकड्यांत, म्हणजे एलिमेंटमध्ये, पाडलेला असतो; ते चार टोकांचे साधे टेट्राहेड्रन (चौफलकी) वापरले तर उलट आखडतो. षटफलकी एलिमेंट घ्या आणि अवरग्लास ऊर्जा (एलिमेंटच्या खोट्या, फक्त गणितातल्या वाकण्यात जाणारी) एकूण अंतर्गत ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत आहे ना, ते बघा.

मोजमाप बाहेरून आणणार असाल, तर कानामागे चिकटवलेल्या सेन्सरवर विसंबू नका, कातडी सरकते. वरच्या दातांवर घट्ट बसणारा सेन्सरवाला माउथगार्ड कवटीबरोबर हलतो. रग्बीची जागतिक संघटना ‘वर्ल्ड रग्बी’नं २०२४ पासून वरच्या पातळीवर तेच घेतलेत.

चेंडू सुटला की रन थांबवू नका. मेंदू मागून येतो, स्ट्रेनचं, म्हणजे मेंदू किती ताणला-पिळला गेला त्याचं, शिखर धडक ओसरल्यावर दिसतं. निदान पन्नास मिलिसेकंद चालू द्या.

आता लॅपटॉपवरच्या मेंदूतला तो लाल ठिपका. बऱ्याचदा तो एका वेड्यावाकड्या एलिमेंटचा असतो. कमाल आकड्याऐवजी ९५ वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली ९५ टक्के एलिमेंट येतात तो आकडा) घ्या. आणि तो आकडा स्ट्रेनचा आहे, इजेचा नव्हे. मेंदूची बहुतेक मॉडेलं मृतदेहांवरच्या मोजक्या प्रयोगांशी ताडलेली आहेत आणि त्यातल्या धडका हेडरपेक्षा जबर होत्या.

इंग्लंडचा स्ट्रायकर जेफ अ‍ॅस्टल २००२ मध्ये गेला, तेव्हा कोरोनरनं (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं) कारण म्हणून वर्षानुवर्षं मारलेल्या हेडरकडे बोट दाखवलं. कुठल्या एका हेडरकडे नव्हे. आपली रन एका हेडरची. ते समजावल्यावर त्या मुलानं रिपोर्टच्या शीर्षकातला ‘इजा’ शब्द खोडला आणि ‘स्ट्रेन’ लिहिला. मग मेंदूचं वजन पुन्हा तपासायला बसला.