एका शोधनिबंधावरून पुढच्या संदर्भांपर्यंत

विषयाशी नेमका जुळणारा एक शोधनिबंध हाती लागला, की त्याचा माग मागे आणि पुढे अशा दोन्ही दिशांनी काढावा. मागे जाण्यासाठी संदर्भसूची असतेच. पण ती सरसकट वाचण्याऐवजी, लेखकाने जेथे पूर्वीच्या संशोधकाशी मतभेद नोंदवला आहे किंवा त्याची पद्धत स्वीकारली आहे, तेथील संदर्भ आधी मिळवावेत, कारण खरा धागा तेथेच सापडतो.

पुढे जाण्याची, म्हणजे या निबंधाचा आधार नंतर कोणी घेतला हे पाहण्याची कल्पना अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली मांडली. आज गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या संकेतस्थळावर निबंधाखालील ‘सायटेड बाय’ या दुव्यावर ती यादी मिळते. यादी शेकड्यांत गेली, तर ‘सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स’ हा पर्याय निवडून तिच्यातच आपला शब्द शोधावा. ही सोय अनेकांच्या नजरेतून सुटते, याची मला फार हळहळ वाटते.

शोधासाठी वापरायच्या शब्दांचीही चाचपणी करावी. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीतील ‘मेश’ या ठरावीक विषयसंज्ञांच्या शब्दावलीत हार्ट अटॅकसाठी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ ही संज्ञा आहे. असे अधिकृत शब्द टिपून ठेवावेत आणि प्रत्येक शोधाची तारीखही लिहावी.